ॲमेरीचा बर्फ वाहताना दाखवायचा असेल, तर आधी बाकी सगळे स्थिर करा

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. आपण माध्यमिक शाळेत भूगोल शिकवता. अंटार्क्टिकातील भारताच्या ‘भारती’ केंद्राजवळचा बर्फ खरोखर वाहतो, हे विद्यार्थ्यांना दोन मिनिटांच्या ॲनिमेशनमधून दाखवावे, असा आपला विचार आहे. त्यासाठी आपण तिथल्या ॲमेरी आइस शेल्फच्या (समुद्रावर तरंगणाऱ्या जाड हिमथराच्या), अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी घेतलेल्या मिळतील तेवढ्या प्रतिमा उतरवून घेतल्या आणि तारखेच्या क्रमाने जोडल्या. तयार झालेल्या चित्रफितीत बर्फ पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी थरथरतो. त्याचा रंग कधी निळसर, कधी करडा, तर कधी डोळे दिपवणारा पांढरा होतो. डोंगरांच्या सावल्या उड्या मारतात आणि दर हिवाळ्यात काही महिने चित्रच नसते. हे सगळे सुरळीत करणारे सॉफ्टवेअर कोणते, आणि मधले हरवलेले महिने संगणकाकडून भरून घेता येतील का, असे आपण विचारले आहे.

ध्रुवीय प्रदेशांच्या उपग्रह प्रतिमांवर प्रक्रिया करून त्यांपासून शैक्षणिक ॲनिमेशन तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या आधारावर सांगतो की आपली अडचण सॉफ्टवेअरची नाही. आपल्या चित्रफितीत एकाच वेळी अनेक गोष्टी हलत आहेत: सूर्याची जागा, उपग्रहाची पाहण्याची दिशा, ढग, प्रतिमेचा उजळपणा आणि नकाशावर प्रतिमा बसवण्यातली चूक. बर्फाची हालचाल या सर्वांहून लहान आहे. त्यामुळे चित्र गुळगुळीत करणारे कोणतेही साधन वापरले, तरी ते सर्वांत आधी बर्फाचीच हालचाल पुसून टाकेल. बर्फ सोडून बाकी सर्व स्थिर करणे हे खरे काम आहे, आणि जवळजवळ सगळा वेळ त्यातच जातो.

अर्थात नेमके काय करायचे, हे आपल्याला काय दाखवायचे आहे यावर अवलंबून राहील. बर्फाचा प्रवाह दाखवायचा असेल तर एक पद्धत, भेगा कशा रुंदावतात ते दाखवायचे असेल तर दुसरी, उन्हाळ्यात पृष्ठभागावर साचणारे पाणी दाखवायचे असेल तर तिसरी, आणि विमानातून पाहावा तसा प्रदेश फिरवून दाखवायचा असेल तर चौथी. दोन मिनिटांत या चारही गोष्टी बसवण्याचा मोह आपण टाळावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या प्रश्नावरून मी असे धरून चालतो की प्रवाह हा मुख्य विषय आहे आणि हिमनग तुटण्याची घटना त्याला जोडून येईल.

या कामासाठी ॲमेरीची निवड फार चांगली आहे. लॅम्बर्ट, मेलर आणि फिशर या प्रचंड हिमनद्या एकत्र येऊन समुद्रावर तरंगू लागतात, तेव्हा जो सलग, जाड आणि विस्तीर्ण थर तयार होतो तोच ॲमेरी आइस शेल्फ होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर आहे. तो प्रिड्झ उपसागरात उघडतो आणि त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांमध्ये, २०१२ साली सुरू झालेले भारती केंद्र आहे. समुद्राकडच्या टोकाशी ॲमेरीचा बर्फ वर्षाला एक किलोमीटरहून अधिक, म्हणजे दिवसाला साधारण तीन मीटर पुढे सरकतो. २०१९ च्या सप्टेंबरअखेर या टोकापासून डी-२८ नावाचा, सोळाशे चौरस किलोमीटरहून मोठा हिमनग सुटला. त्यापूर्वी इतका मोठा तुकडा येथून १९६३-६४ च्या सुमारास सुटला होता. म्हणजे संथ प्रवाह आणि अचानक घडणारी मोठी घटना या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच ठिकाणी मिळतात.

आता थरथर का होते ते पाहू. दिवसाला तीन मीटर या वेगाने सोळा दिवसांत, म्हणजे उपग्रह पुन्हा त्याच मार्गावर येईपर्यंत, बर्फ पन्नासेक मीटर सरकतो. लँडसॅट ८ आणि ९ च्या रंगीत प्रतिमेतला एक पिक्सेल ३० मीटरचा आणि कृष्णधवल पट्ट्यातला १५ मीटरचा असतो. म्हणजे लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधली खरी हालचाल जेमतेम दोन-तीन पिक्सेलांची आहे. आता आपण उतरवलेल्या फायलींची नावे पाहा. त्यांतल्या बऱ्याचशा नावांत ‘एल१टीपी’ ऐवजी ‘एल१जीटी’ आणि शेवटी ‘टी२’, म्हणजे दुसरी श्रेणी, असे दिसेल. याचा अर्थ असा की ती प्रतिमा जमिनीवरच्या ओळखीच्या खुणांशी जुळवून बसवलेली नाही, कारण निव्वळ पांढऱ्या बर्फावर अशा खुणा पुरेशा सापडत नाहीत; केवळ उपग्रहाच्या स्वतःच्या स्थानाच्या माहितीवरून ती नकाशावर ठेवलेली आहे. पहिल्या श्रेणीच्या प्रतिमांत ही चूक १२ मीटरच्या आत असल्याची हमी असते, दुसऱ्या श्रेणीत ती नसते. थोडक्यात, ज्या हालचालीचे आपल्याला चित्रण करायचे आहे, तिच्याशी तुलना करण्याइतकी मोठी चूक प्रतिमेच्या जागेतच असू शकते, आणि ती प्रत्येक प्रतिमेत वेगळ्या दिशेला असते. आपला बर्फ पुढे-मागे हलतो आहे तो बहुतांशी यामुळेच.

यावरचा उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. प्रत्येक प्रतिमेत उघडा खडक शोधा आणि त्याच्या आधाराने सर्व प्रतिमा एकमेकींशी जुळवा. ॲमेरीच्या पूर्व कडेला बर्फाने वेढलेले गिलॉक बेट आहे, पश्चिमेला जेटी द्वीपकल्प आणि त्यामागे प्रिन्स चार्ल्स पर्वत आहे, आणि आपल्या भारती केंद्राच्या भोवतालच्या लार्समन टेकड्यासुद्धा उघड्या खडकाच्याच आहेत. खडक जागचा हलत नाही. म्हणून एक स्वच्छ प्रतिमा प्रमाण मानून बाकीच्या सर्व प्रतिमा खडक खडकावर बसेपर्यंत सरकवाव्यात. क्यूजीआयएस या नकाशांच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने करता येते. मी नेहमी निव्वळ खडकांचे एक छोटे चाचणी-ॲनिमेशन आधी करून पाहतो. त्यात खडक पूर्णपणे निश्चल दिसेपर्यंत बर्फाकडे वळायचे नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

जुळवणी सोपी व्हावी यासाठी प्रतिमा निवडतानाच एक पथ्य पाळावे. लँडसॅटच्या प्रत्येक प्रतिमेला पाथ (उपग्रहाच्या मार्गाखालचा पट्टा) आणि रो (त्या पट्ट्यातली ओळ) असे दोन क्रमांक असतात. विषुववृत्ताजवळ एखादे गाव एक-दोन पाथमध्येच येते, पण ध्रुवाकडे जाताना हे पट्टे एकमेकांवर चढत जातात आणि एकच जागा अनेक पाथमधून दिसते. त्यामुळे प्रतिमा भरपूर मिळतात, मात्र प्रत्येक पाथमधून पाहण्याची दिशाही वेगळी असते आणि त्या वेळी सूर्यही आकाशात वेगळ्या जागी असतो. उंच डोंगराचे शिखर वेगवेगळ्या कोनांतून पाहिल्यावर नकाशावर वेगवेगळ्या ठिकाणी पडते. म्हणून आपल्या प्रवाहाच्या ॲनिमेशनसाठी एकच पाथ आणि एकच रो निवडा व बाकीच्या सर्व प्रतिमा, कितीही सुंदर असल्या तरी, बाजूला ठेवा.

नकाशाच्या प्रक्षेपणाबद्दल, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीबद्दल, आपण काही लिहिलेले नाही, पण आपण पाठवलेल्या एका चौकटीचा आकार पाहता ती मर्केटर नकाशावरून घेतलेली असावी. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे याच प्रक्षेपणात असतात आणि ते ८५ अंश अक्षांशाच्या थोडे पुढे संपतात, म्हणजे ध्रुव त्यात नसतोच. ६९ अंश दक्षिणेला, जिथे ॲमेरीचे टोक आहे, तिथे मर्केटरमध्ये लांबी सुमारे २.८ पट आणि क्षेत्रफळ जवळजवळ आठ पट फुगते. अंटार्क्टिकासाठी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण वापरावे. त्याचा सांकेतिक क्रमांक ३०३१ आहे आणि ७१ अंश दक्षिणेला त्याचे प्रमाण अचूक असते, त्यामुळे ॲमेरी जवळजवळ खऱ्या मापात दिसते. नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूटने तयार केलेला ‘क्वांटार्क्टिका’ हा क्यूजीआयएससाठीचा विनामूल्य संच याच प्रक्षेपणात आहे. आपल्या कामाची सुरुवात तिथूनच करावी असे मी सुचवेन.

या प्रक्षेपणात दक्षिण ध्रुव मध्यभागी असतो आणि सर्व दिशांना बाहेर गेले की उत्तरच लागते. ॲमेरी साधारण ७२ अंश पूर्व रेखांशावर असल्याने तिची उत्तर चित्रात बरीचशी उजवीकडे झुकलेली दिसेल. अशा वेळी मी चित्र फिरवून उत्तर वर आणतो, आणि त्यामागे केवळ नकाशाची सवय हे कारण नाही. उजेड वरच्या बाजूने येतो असे माणसाचा डोळा आपोआप धरून चालतो. तो खालून आला की उंचवटे खड्ड्यांसारखे आणि दऱ्या डोंगररांगांसारख्या दिसू लागतात. अंटार्क्टिकात लँडसॅट दिवसा जातो तेव्हा सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो, म्हणून उत्तर वर ठेवली की उजेड वरून पडतो आणि भूरूपे सरळ वाचता येतात. ग्रीनलंडमध्ये नेमके उलटे घडते. तिथे उत्तर वर ठेवली तर सूर्य खालून येतो आणि डोंगर हमखास उलटे दिसतात. आपण पुढे कधी उत्तर ध्रुवाकडे वळलात, तर हे आधीच लक्षात असू द्या.

सूर्याचा विषय निघालाच आहे, तर सावल्यांचेही बोलू. भारती केंद्राच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंश वर असतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो ३४ अंशांच्या आसपास येतो. जूनमध्ये तो उगवतच नाही. उपग्रह मध्यान्हीला नव्हे तर सकाळी जातो, त्यामुळे प्रत्यक्षातला कोन याहूनही कमी असतो. शंभर मीटर उंचीच्या कड्याची सावली सूर्य ४५ अंशांवर असताना शंभर मीटर पडते, तोच सूर्य १० अंशांवर आला की ती साडेपाचशे मीटरहून लांब होते. सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च यांच्या प्रतिमा एका ओळीत लावल्या की डोळ्याला सर्वांत आधी सावल्यांची ही लांबी-रुंदी हलताना दिसते, आणि विद्यार्थी तिलाच बर्फाची हालचाल समजतील. म्हणून दरवर्षीच्या त्याच पंधरवड्यातली, एकाच पाथची, एक प्रतिमा घ्यावी. लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडला गेला, त्यामुळे त्याचा पहिला पूर्ण दक्षिणी उन्हाळा २०१३-१४ चा आहे. तिथपासून दर वर्षी एक चांगली प्रतिमा मिळाली तरी आपल्या कामाला ती पुष्कळ झाली.

रंग बदलण्याचे कारण बहुतेक वेळा आपल्याच संगणकात असते. प्रतिमा उघडताना सॉफ्टवेअर तिच्यातला सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा बिंदू शोधून उजळपणा आपोआप ताणते. एका प्रतिमेत काळाशार समुद्र जास्त आहे, दुसरीत नाही. एकीत ढग आहे, दुसरीत नाही. एवढ्यानेही तोच बर्फ वेगळ्या छटेचा दिसतो. हे स्वयंचलित ताणणे बंद करावे. प्रत्येक फायलीबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकातले गुणक वापरून मूळ आकड्यांचे परावर्तनात रूपांतर करावे, त्यात सूर्याच्या उंचीची दुरुस्ती करावी आणि मग सर्व प्रतिमांना एकच किमान व एकच कमाल मर्यादा द्यावी. ताजा बर्फ दृश्य प्रकाशाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग परत पाठवतो. म्हणून पूर्ण पट्टा शून्यापासून न घेता वरच्या भागाला अधिक जागा द्यावी, नाहीतर बर्फावरच्या प्रवाहरेषा पांढऱ्यात बुडून जातात. लँडसॅट ७ ची नोंद ८ बिटांची होती (बिट जितके जास्त, तितक्या उजळपणाच्या छटा अधिक) आणि चकाकत्या बर्फावर ती बऱ्याचदा पांढरी होऊन संपत असे. लँडसॅट ८ ची नोंद १२ बिटांची आणि ९ ची १४ बिटांची आहे. ध्रुवीय कामात हा फरक फार मोलाचा आहे, म्हणून शक्यतो २०१३ नंतरच्याच प्रतिमांवर राहा.

ढग ओळखण्यासाठी दृश्य रंगांवर विसंबू नये, कारण तिथे ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. लँडसॅट ८ आणि ९ चा सहावा पट्टा, म्हणजे १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश, इथे उपयोगी पडतो. त्यात बर्फ काळपट दिसतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग उजळ दिसतात. हिमकणांचे विरळ ढग मात्र यातूनही निसटतात. ते शेवटी डोळ्यांनीच, त्यांच्या सावल्यांवरून ओळखावे लागतात. ढगाळ भाग कापून तिथे दुसऱ्या तारखेच्या प्रतिमेचा तुकडा बसवण्याची सोय अनेक साधने देतात. प्रवाहाच्या ॲनिमेशनमध्ये ती वापरू नका, कारण मग एकाच फ्रेममध्ये दोन तारखा येतात आणि जोडावर बर्फ तुटल्यासारखा दिसतो. संपूर्ण अंटार्क्टिकाचे जे सुंदर अखंड चित्र ‘लिमा’ या नावाने २००७ साली प्रसिद्ध झाले, ते १९९९ ते २००३ या काळातल्या लँडसॅट ७ च्या हजाराहून अधिक प्रतिमा जोडून केलेले आहे. पार्श्वभूमी म्हणून ते उत्तम आहे. पण ते एका क्षणाचे चित्र नाही, हे ते वापरणाऱ्याने जाणून असावे.

इथवरचे सांगणे एकत्र करायचे तर एवढेच: एक पाथ, वर्षातला एक पंधरवडा, एक प्रक्षेपण, एक उजळपणा आणि खडकावर केलेली जुळवणी. एवढे केले की आपली चित्रफीत शांत होईल आणि तिच्यात फक्त बर्फ हलेल.

आता बर्फ किती हलेल याचा हिशेब आधी करा, कारण चौकट निवडताना बहुतेक जण इथे फसतात. समजा आपण ॲमेरी पूर्ण दिसावी म्हणून पाचशे किलोमीटर रुंदीचा प्रदेश १९२० पिक्सेलांच्या पडद्यावर मांडला. पडद्यावरचा एक पिक्सेल मग सुमारे २६० मीटरचा झाला आणि वर्षभराचा एक किलोमीटर जेमतेम चार पिक्सेलांत संपला. वर्गातल्या मागच्या बाकावरून ते कुणालाही दिसणार नाही. त्याऐवजी टोकाजवळचा चाळीस किलोमीटर रुंदीचा भाग घेतला, तर एक पिक्सेल सुमारे २० मीटरचा होतो आणि बर्फ वर्षाला पन्नास पिक्सेल सरकतो. म्हणून आधी पूर्ण ॲमेरी स्थिर चित्रात दाखवावी, त्यावर निवडलेला चौकोन आखावा आणि मग त्या चौकोनात जाऊन काळ सुरू करावा.

यानंतरचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसे कुणी जाणीवपूर्वक घेत नाही. पाहणाऱ्याला आपण कुठे उभे करणार, जमिनीवर की बर्फावर? खडक स्थिर ठेवला की प्रवाह दिसतो. सगळा बर्फ समुद्राकडे चाललेला दिसतो. पण भेगा पाहायच्या असतील तर हीच मांडणी आड येते, कारण भेगही बर्फाबरोबर वर्षाला किलोमीटरभर वाहून जाते आणि तिच्या रुंदावण्याचे काही मीटर त्या मोठ्या सरकण्यात हरवतात. अशा वेळी चौकट बर्फाच्या वेगाने पुढे सरकवत न्यावी. म्हणजे बर्फ पडद्यावर स्थिर राहतो आणि भेग उघडताना स्पष्ट दिसते. त्यासाठी लागणारे वेगाचे नकाशे नासाच्या ‘इट्स लाइव्ह’ प्रकल्पातून विनामूल्य मिळतात. ॲमेरीच्या टोकावर ‘लूज टूथ’, म्हणजे हलणारा दात, या नावाने ओळखला जाणारा भाग आहे. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेच्या हेलन फ्रिकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील भेगांवर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लक्ष ठेवले. तो भाग २०१० ते २०१५ च्या दरम्यान सुटेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात २०१९ मध्ये त्याच्या पश्चिमेचा शेजारी तुटला आणि तोच डी-२८ होय. विद्यार्थ्यांना आधी जमिनीवरून आणि मग बर्फावरून हाच भाग दाखवलात, तर भेग वाढणे आणि भेग वाहून जाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे त्यांना सूत्राशिवाय कळेल.

हिवाळ्याचे महिने रिकामे राहतात कारण लँडसॅटला उजेड लागतो आणि ॲमेरीवर साधारण सप्टेंबर ते मार्च एवढाच उपयोगी उजेड असतो. अंधारात पाहायचे तर रडार हवे. युरोपचा सेंटिनेल-१ सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी स्वतः पाठवतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो, त्यामुळे त्याला रात्र आणि ढग यांची अडचण नसते. जुलै २०१७ मध्ये, ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, लार्सन सी शेल्फवरून ए-६८ हा सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, तेव्हा जगाने पाहिलेली चित्रे मुख्यत्वे या रडारचीच होती. मात्र रडारची प्रतिमा लँडसॅटच्या प्रतिमेमध्ये मिसळू नये. रडारला रंग दिसत नाही, तर पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओलावा जाणवतो. कोरड्या बर्फात या लहरी काही मीटर आत शिरतात, पण जानेवारीत वरचा थर ओला झाला की त्या शोषल्या जातात आणि कालपर्यंत उजळ असलेला शेल्फ अचानक काळा पडतो. ते वितळण्याचे खरे चिन्ह आहे, परंतु न सांगता दाखवले तर मुलांना वाटेल की बर्फ नाहीसा झाला. रडारचे ॲनिमेशन वेगळे, स्वतंत्र आणि एकाच कक्षामार्गाचे ठेवावे. आणखी एक सूचना: सेंटिनेल-१ बी हा जुळा उपग्रह २०२१ च्या डिसेंबरात बंद पडला आणि त्याच्या जागी १ सी २०२४ च्या डिसेंबरात अवकाशात सोडला गेला. मधल्या काळात प्रतिमा विरळ मिळतात. प्रत्येक प्रतिमेला पडद्यावर सारखाच वेळ दिलात, तर बर्फाचा वेग बदलल्याचा भास होईल, आणि तो केवळ उपग्रह कमी झाल्याचा परिणाम असेल.

रडारच्या बाबतीत भारताशी थेट नाते असलेली एक गोष्ट आपल्या वर्गात सांगण्यासारखी आहे. असे उपग्रह सरळ खाली न पाहता एका बाजूला पाहतात, आणि नेहमीच्या ध्रुवीय कक्षेतून उजवीकडे पाहणाऱ्या रडारला उत्तर ध्रुवाकडचा भाग चांगला दिसतो, दक्षिण ध्रुवाकडचा निसटतो. म्हणूनच १९९७ मध्ये कॅनडाचा रडारसॅट-१ काही आठवडे वळवून डावीकडे पाहायला लावला आणि अंटार्क्टिकाचा पहिला संपूर्ण तपशीलवार रडार नकाशा तयार झाला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला इस्रो आणि नासाचा निसार हा उपग्रह डावीकडे पाहण्यासाठीच योजलेला आहे.

मधले महिने संगणकाकडून भरून घेण्याच्या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याचे कारण ॲमेरीनेच दिले आहे. २०१९ च्या हिवाळ्यात या शेल्फवरचे, बर्फाच्या झाकणाखाली साठलेले एक मोठे तळे खाली समुद्रात रिते झाले. साठ ते पंच्याहत्तर कोटी घनमीटर पाणी गेले आणि वरचे झाकण खचून सुमारे ११ चौरस किलोमीटरचा खड्डा उरला. ही सगळी घटना काही दिवसांतच घडून गेली. तळ्याची उन्हाळ्यातली प्रतिमा आणि पुढच्या वसंतातली खड्ड्याची प्रतिमा या दोन टोकांच्या मधल्या फ्रेम संगणकाला तयार करू दिल्या, तर तो अनेक महिने संथपणे खचत जाणारी जमीन दाखवेल. ते चित्र अतिशय गुळगुळीत असेल आणि पूर्णपणे खोटे असेल. कारण निसर्गात जे अचानक घडले, ते सावकाश घडल्याचे आपण मुलांना शिकवलेले असेल. दोन प्रतिमांमध्ये काय झाले हे माहीत नसेल, तर तिथे चित्र थांबवावे, तारीख दाखवावी आणि मग पुढची प्रतिमा आणावी.

हाच विचार तारखांमधल्या अंतरालाही लागू आहे. २००२ मध्ये लार्सन बी शेल्फ कोसळला, तेव्हाच्या, नासाच्या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाने घेतलेल्या गाजलेल्या प्रतिमा ३१ जानेवारी, १७ फेब्रुवारी, २३ फेब्रुवारी आणि ५ मार्च या दिवसांच्या आहेत. मधली अंतरे सतरा, सहा आणि दहा दिवसांची आहेत. चारही चित्रे सारख्या वेळाने बदलली, तर पाच आठवड्यांत ३,२५० चौरस किलोमीटर बर्फ कसा गेला, त्यातला कोणता आठवडा सर्वांत भीषण होता, हे कळणारच नाही. म्हणून प्रत्येक प्रतिमा पडद्यावर किती वेळ राहील, हे तिच्या आणि पुढच्या प्रतिमेच्या अंतरावरून ठरवावे. कोपऱ्यात तारीख असावी आणि खाली काळाची एक रेघ असावी, जिच्यावर सरकणारा बिंदू दिसेल. हे साधेसे दिसणारे काम मी कधीही गाळत नाही.

डोंगरांवरून उडत जाण्याचे त्रिमितीय दृश्य हवे असेल, तर ‘रेमा’ हे अंटार्क्टिकाचे उंचीचे प्रतिमान विनामूल्य मिळते. त्याची नवी आवृत्ती दोन मीटरच्या जाळीची आहे, आणि त्यावर लँडसॅटची प्रतिमा पसरवून ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा फिरवता येतो. इथे दोनच गोष्टी जपा. प्रतिमेत सूर्याच्या सावल्या आधीच छापलेल्या असतात; त्यावर संगणकाचा दिवा वेगळ्या दिशेने लावला की प्रत्येक शिखराला दोन सावल्या पडतात, म्हणून दिव्याची दिशा माहितीपत्रकातल्या सूर्याच्या दिशेशी जुळवावी. शिवाय शेल्फ सपाट असल्याने उंची दुप्पट-तिप्पट करण्याची गरज भासेल. ती जरूर करा, पण किती पट केली ते पडद्यावर लिहा.

मोठेपणाची कल्पना देण्यासाठी मी शेजारी ओळखीचा प्रदेश ठेवतो. डी-२८ चे क्षेत्रफळ गोवा राज्याच्या पाचांत दोन भागांहून थोडे अधिक भरते, म्हणून आपल्या वर्गासाठी गोव्याची सीमारेषा योग्य ठरेल. फक्त ती मर्केटर नकाशावरून उचलू नका. गोव्याचा नकाशा स्थानिक समक्षेत्र (क्षेत्रफळ खरे राखणाऱ्या) प्रक्षेपणात काढून, त्याच मापाने ॲमेरीच्या चित्रावर ठेवावा. दोन्ही मर्केटरवरून घेतले, तर हिमनग गोव्यापेक्षा तिपटीहून मोठा दिसेल. गोवा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्यातूनच निघाली होती आणि आज भारती व मैत्री ही दोन्ही केंद्रे चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था वास्को येथे आहे.

आपल्याकडे वेळ कमी असेल, तर लँडसॅटच्या फायलींना हात लावण्याआधी नासाच्या ‘वर्ल्डव्ह्यू’ संकेतस्थळावर जा. तिथे दक्षिण ध्रुवीय प्रक्षेपण निवडता येते, मोडिसच्या रोजच्या प्रतिमा दिसतात आणि तिथल्या तिथे छोटे ॲनिमेशनही उतरवून घेता येते. त्या प्रतिमांतला सर्वांत बारीक पिक्सेल २५० मीटरचा असल्याने प्रवाह दिसणार नाही, पण २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधला डी-२८ चा सुटका-प्रवास व्यवस्थित दिसेल, आणि एका संध्याकाळी वर्गात दाखवण्याजोगे काहीतरी हाती येईल. लँडसॅटचे काम मग सुटीत सावकाश करा. शेवटच्या चौकटीत प्रतिमांचा स्रोत लिहायला विसरू नका: लँडसॅटसाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा उल्लेख करावा, आणि सेंटिनेल वापरलात तर त्या वर्षाची बदल केलेली कोपर्निकस सेंटिनेल माहिती समाविष्ट असल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे. निवडलेला पाथ, रो आणि तारखांची यादी तयार झाली की ती इथे टाका. कोणत्या प्रतिमा ठेवाव्यात आणि कोणत्या वगळाव्यात, हे आपण मिळून पाहू.